मागून आणलेला मोगरा

आमच्या लहानपणी दूध रतिबाचं यायचं, भाजी मंडईतून यायची, कापड दिवाळीला यायचं. पण फुलझाड विकत आणतात हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. फुलझाड कुणाच्या तरी घरून यायचं, आणि ज्याच्या घरून आलं त्याच्याच नावाने पुढे ओळखलं जायचं. आमच्या मागच्या अंगणात साताऱ्याची जास्वंद होती, दादरच्या मावशीची रातराणी होती, डॉक्टरीणबाईंचा अनंत होता. डॉक्टरीणबाई गेल्या, त्यांचा बंगला पडला, तिथे बँकेची इमारत उभी राहिली, तरी अनंत त्यांचाच राहिला. आजी विचारायची, "डॉक्टरीणबाईंना पाणी घातलंस का गं?"

हे माझ्या एकटीचं नव्हे. १९५० ते ६५ च्या दरम्यान जन्मलेल्या, पुण्याच्या वाड्यात, मुंबईच्या चाळीत किंवा तालुक्याच्या गावी भाड्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही बोलतं करा. गिरगावातली माझी मावसबहीण गॅलरीच्या कठड्यावरचे डालडाचे डबे सांगेल, रत्नागिरीचा आतेभाऊ परड्यातली अबोली सांगेल. आम्ही भावंडं जमलो की आंब्या-फणसाच्या आठवणी लवकर आटपतात. कुठल्या झाडाची फांदी कुणाकडून कुणाकडे गेली यावर मात्र अजून वाद होतात, आणि सत्तरीला टेकलेली माणसं हमरीतुमरीवर येतात.

डालडाच्या डब्याचं आधी सांगते, कारण त्याच्याशिवाय चाळीत बागच नव्हती. पिवळ्या रंगावर हिरवं माडाचं झाड असलेला तो पत्र्याचा डबा रिकामा झाला की घरात त्याच्यावर दोघी हक्क सांगत. आईला तो डाळीला हवा असे आणि आजीला मोगऱ्याला. मोगरा जिंकला की वडील मोठ्या खिळ्याने तळाला चार-पाच भोकं पाडून देत. भोकांवर खापरीचे तुकडे, त्यावर विटेचा चुरा, मग माती. दोन पावसाळ्यांत डबा खालून गंजून सुटायचा आणि गॅलरीखालून जाणाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबडं पाणी ठिबकायचं. मावसबहिणीचं म्हणणं असं की चाळीतली निम्मी भांडणं नळावरून होत आणि उरलेली निम्मी कुंड्यांच्या पाण्यावरून.

फांद्यांची देवघेव बारा महिने चालायची नाही. मे महिन्यात कुणाकडे सुरेख दुहेरी जास्वंद दिसली तर "मृग लागू दे, मग ये" असं सांगत. ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, पहिल्या पावसाने माती भिजते आणि हवेत ओल येते. त्या ओलीला महत्त्व होतं. कापलेल्या फांदीला मुळं नसतात, म्हणजे पाणी घ्यायची सोय नाही. पानांतून जायचं ते पाणी मात्र जातच राहतं. मेच्या उन्हात अशी फांदी दोन दिवसांत वाळते, आषाढात ती महिनाभर तग धरते. आजीला हे असं मांडून सांगता आलं नसतं. "आभाळ झाकलेलं असलं की फांदी घाबरत नाही," एवढंच ती म्हणायची. मला वाटतं तेवढं पुरेसं होतं.

तिचं फांदी घेणं मात्र बघण्यासारखं असे. कोवळी, लुसलुशीत हिरवी फांदी ती घेत नसे, ती कुजते. अगदी जून, खोडासारखी झालेलीही नको. तिला मुळं फुटायला फार दिवस लागतात. गेल्या वर्षीची, पेन्सिलीहून जरा बारीक, साल हिरव्याची करडी व्हायला लागलेली, वाकवली तर वाकणारी पण सोडली की सरळ होणारी अशी फांदी ती हाताने चाचपून शोधायची. कळ्या असलेली फांदी वर्ज्य. हत्यार म्हणजे आजोबांच्या दाढीचं जुनं पातं. अडकित्त्याने किंवा बोथट कात्रीने टोक चेचतं आणि चेचलेलं टोक आधी सडतं, म्हणून पातं. पेराच्या बरोबर खाली तिरका छेद आणि वरच्या टोकाला सरळ आडवा छेद, ही खूण ठेवायचीच. नाहीतर पानं काढून टाकलेल्या काडीचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे घाईत कळत नाही. लांबी वीतभर, त्यात तीन-चार पेरं. खालची पानं खुडायची, ओढायची नाहीत, ओढली की सालही सोलून येते. वरची दोन पानं ठेवायची आणि तीही अर्धी कापायची. वरच्या छेदावर बोराएवढा ताज्या शेणाचा गोळा, म्हणजे तिथून काडी सुकत नाही.

मग ती काडी नदीची वाळू आणि बागेतली माती निम्मी-निम्मी मिसळलेल्या डब्यात, दोन पेरं आत जातील अशी कलती खोचायची, आणि दोन्ही अंगठ्यांनी भोवतालची माती घट्ट दाबायची. या दाबण्यावर तिचा फार कटाक्ष. माती पोकळ राहिली तर फुटलेलं मूळ हवेत लोंबतं आणि मरतं. खत अजिबात घालायचं नाही. एकदा आईने शेणखताची मूठ टाकलेली पाहून आजी म्हणाली, "तिला अजून तोंड नाही, खाणार कशाने?" डबा जायचा मोरीबाहेरच्या भिंतीशी, जिथे ऊन येत नसे आणि ओल हटत नसे. वर फुटक्या बरणीचा वरचा भाग झाकण म्हणून. आणि मग सगळ्यांना ताकीद, की कुणी हात लावायचा नाही. ही ताकीद खरं तर माझ्या धाकट्या भावासाठी होती. मुळं फुटली का हे पाहायला तो काडी उपसून बघे आणि पुन्हा खोचून ठेवे.

पेराचं महत्त्व आमच्या घरात लहान पोरालाही माहीत होतं, कारण तिथेच डोळा असतो. या डोळ्यांत आणि कोवळ्या पानांत एक द्रव्य तयार होतं, ते फांदीतून खाली उतरतं आणि कापलेल्या टोकाशी साचतं. तिथल्या पेशी मग मुळं करायला लागतात. फांदी उलटी खोचली तरी त्या द्रव्याची दिशा बदलत नाही, म्हणून उलटी फांदी धड लागत नाही. या द्रव्याचा छडा १९२०च्या दशकात हॉलंडमधल्या फ्रिट्स वेन्टने ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून लावला, आणि मुळं फुटवणारं तेच हे पुढच्या दशकात सिद्ध झालं. आज नर्सरीत मिळणारी मुळं फुटायची पावडर त्याच कुळातली. ती मी वापरते. मोगऱ्याला तिने फरक पडतो, अनंताला तर चांगलाच पडतो. जास्वंदीला, तगरीला आणि रातराणीला तिची गरज नाही, त्या मुळातच लागायला उतावळ्या असतात. बटाट्यात गुलाबाची फांदी खोचायचा जो प्रकार हल्ली मोबाइलवर फिरतो, त्यात बटाटा सडण्यापलीकडे काही होताना मी पाहिलेलं नाही.

कोंब फुटला म्हणजे फांदी लागली असं नाही, हे त्या पिढीच्या बायका हटकून सांगायच्या. काडीच्या पोटात साठवलेलं अन्न असतं, त्यावर दोन-चार पानं फुटतात आणि घरातले खूश होतात. खाली मूळ नसतं. मग एके दिवशी ऊन पडलं की ती पानं माना टाकतात. दुसऱ्यांदा पालवी आली आणि टिकली, की मग आजी बरणी काढायची, तीही एकदम नाही. आधी संध्याकाळपुरती, मग अर्धा दिवस. मोगऱ्याला एवढं व्हायला महिना-दीड महिना लागे. श्रावणात मंगळागौरीला येणाऱ्या बायका मागच्या अंगणात जाऊन आधी डबे बघून येत आणि मग फुगडीला उभ्या राहत.

"अमकीच्या हाताला गुण आहे, तिने लावलं की लागतं" असं एकेकीबद्दल बोललं जाई. आमच्या आत्याची ख्याती तशी होती. माहेरी आली की ती फांदी लावायची आणि ती लागायचीच. तिचं गुपित आम्हाला बरंच उशिरा कळलं. ती एका जातीच्या सात-आठ काड्या लावायची, एक इथे, दोन तिथे, हौदामागे चार, आणि जी जगे तीच सगळ्यांना दाखवायची. बाकीच्या बायका एकच काडी लावत आणि ती गेली की नशिबाला बोल लावत. मी तेव्हापासून हाताच्या गुणावर फारसा विश्वास ठेवत नाही, सात-आठ काड्यांवर ठेवते.

चोरून आणलेली फांदी हमखास लागते हाही असाच एक समज. सभ्य, देवभीरू, दुसऱ्याच्या शेंगदाण्याला न शिवणाऱ्या बायका संध्याकाळी फिरायला गेल्या की बंगल्यांच्या कुंपणातून बाहेर डोकावणाऱ्या बोगनवेलीचं टोक मोडून पदराखाली घेत, आणि वर म्हणत, "विचारून आणलेलं लागत नाही ना." यात तथ्य आहे, पण कारण वेगळं आहे. मागितलेली फांदी मालकीण तोडून देते आणि मालकीण नेहमी झाडाची नको असलेली, जून, आत झुकलेली फांदी देते. चोरणारी मनाजोगती निवडते, हाताला येईल तेवढीच घेते आणि पकडलं जाऊ नये म्हणून घरी पोचताच खोचून टाकते. अर्थात दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, ती झोपलेली असतात, हा नियम याच बायकांनी आम्हाला शिकवला होता.

आता मोगऱ्याचं. बटमोगरा, हजारी मोगरा, म्हणजे भरगच्च पाकळ्यांचे जे मोगरे आपण गजऱ्याला वापरतो, त्यांना बी धरत नाही. फुलातले पुंकेसरच पाकळ्या होऊन बसलेले असतात. पक्षी नेईल, वारा नेईल, असलं काही मोगऱ्याच्या वाट्याला नाही. माणसाने फांदी लावली तर तो पुढे जातो, नाहीतर त्या अंगणातच संपतो. आणि फांदीपासून झालेलं रोप हे त्या झाडाचं अपत्य नसतं, तेच झाड असतं, दुसऱ्या जागी उभं. तेव्हा आमच्या आजीने १९३० की ३५ साली लग्न होऊन येताना वाईहून जी मोगऱ्याची फांदी ओल्या फडक्यात आणली, ती वाईत तिच्या आईकडे जिथून आली असेल, तिथेही तेच झाड होतं. हा मोगरा मुळात किती अंगणांतून फिरत आला याचा विचार करायला लागलं की मला गरगरतं, म्हणून मी तो फार वेळ करत नाही.

त्यामुळेच फांदी देणं-न देणं याला वजन होतं. काही घरी मागायच्या आत मिळायची. काही घरी "आपलं झाड रुसतं" म्हणून देत नसत. याबाबतीत आमच्या आळीतल्या बायका एकट्या नव्हत्या. इटलीत टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याच्या बागेत असाच भरगच्च मोगरा होता. तो गोव्याहून पोचला असं सांगतात. ड्यूकने म्हणे हुकूम काढला होता की याची एक फांदीही बागेबाहेर जाता कामा नये. पण बागेतल्या एका माळ्याने आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाला त्या फुलांचा झुबका नेऊन दिला, त्यात एक फांदी होती, तिने ती लावली आणि ती लागली. पुढे त्या रोपांवर दोघांचा संसार उभा राहिला अशी गोष्ट आहे. खरी-खोटी देव जाणे, पण हजारी मोगऱ्याच्या एका वाणाला नर्सरीवाले आजही ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी म्हणतात. म्हणजे ज्याने दिला नाही त्याचंच नाव राहिलं.

आजीही पहिल्यांदा न देणाऱ्यांतली होती. आमचा वाडा पुण्याच्या शनिवार पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती, गिरणीवाल्यांच्या सूनबाई दर पावसाळ्यात मोगऱ्याची फांदी मागायच्या आणि आजी दर पावसाळ्यात "यंदा झाड जरा हडकलंय" म्हणायची. शेवटी एका वर्षी नाइलाजाने दिली ती अशी मरतुकडी काडी की आईलाच लाज वाटली. सूनबाईंनी ती निमूटपणे पदरात घेतली आणि कसबा पेठेत माहेरी, जरा उंचावरच्या वाड्यात, नेऊन लावली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. मी तेव्हा लहान होते. मला आठवतं ते आजोबांच्या खांद्यावरून दिसलेलं गढूळ पाणी आणि नंतर कितीतरी दिवस न गेलेला चिखलाचा वास. वाड्याची मागची भिंत, हौद, डॉक्टरीणबाईंचा अनंत, सगळं गेलं. मोगऱ्याच्या जागी कमरेएवढा गाळ होता. आम्ही एरंडवण्याला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. आजी भांड्यांबद्दल रडली, देवांबद्दल रडली, मोगऱ्याबद्दल काही बोलली नाही. पुढच्या वर्षी मृगानंतर गिरणीवाल्यांच्या सूनबाई पत्ता शोधत आल्या. हातात डबा, डब्यात गुडघ्याएवढं रोप, त्याला चार कळ्या. म्हणाल्या, "तुमचाच आहे, आजी." आजीने त्यांना लुगड्याची घडी दिली आणि त्यानंतर कुणी फांदी मागितली की ती स्वतः निवडून, चांगली, दोन-दोन द्यायला लागली. यात पश्चात्ताप किती आणि हिशोब किती, हे मला नक्की सांगता येणार नाही. झाड चार घरी असलं की एका घरचं जातं तेव्हा उरलेल्या तीन घरांतून परत आणता येतं, एवढं व्यवहारज्ञान तिला पुरेपूर होतं.

पुरुषांचा या सगळ्यात भाग थोडा. त्यांचं खातं गुलाबाचं. काका ऑफिसातून आले की चहाआधी गुलाबांकडे. गुलाब फांदीवर लागत नाही असं नाही. गावठी, सुवासिक, गुलकंदाचा एडवर्ड गुलाब फांदीवर छान लागतो. पण काकांना हवे असत मोठ्या फुलांचे, 'पीस' आणि 'क्वीन एलिझाबेथ' असल्या नावांचे. ते एडवर्डच्या खुंटावर डोळा भरून करायचे. सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद, त्यात हव्या त्या गुलाबाचा डोळा सरकवायचा आणि केळीच्या सोपटाने बांधायचा. हे काम काका तोंडातून शब्द न काढता करत, आणि त्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोललेलं त्यांना चालत नसे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरलं की तिथल्या गुलाबांसमोर ते तासन्‌तास उभे. मात्र डोळा भरलेल्या झाडाला खालच्या खुंटातून धुमारा फुटतो, तो जोमदार असतो, आणि वेळीच कापला नाही तर वरचा पाहुणा मरून खालचा मालक उरतो. काकांची बदली झाली तेव्हा दोन वर्षांत त्यांच्या सगळ्या राणी एलिझाबेथ पुन्हा एडवर्ड होऊन बसल्या. आई त्याचा गुलकंद घालायची, आणि तो उत्तम व्हायचा.

फांदीवर लागणाऱ्या प्रत्येकीची रीत वेगळी होती आणि ती आम्हाला पाठ होती. देवचाफ्याची फांदी तोडली की लगेच लावायची नाही. आठवडाभर सावलीत भिंतीला टेकवून चीक वाळू द्यायचा, नाहीतर ती आतून कुजते. शेवंतीचे बहर संपल्यावर बुडाशी येणारे फुटवे वेगळे करायचे, किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला शेंड्याकडची चार बोटं खुडून लावायची. शेवंतीवरून आतेभावाची एक गोष्ट आहे. त्यांच्या घरासमोर रस्त्यावर पहिल्यांदा ट्यूबलाइटचा खांब आला त्या वर्षी कुंपणाजवळच्या शेवंतीला दिवाळी उलटून गेली तरी कळी नाही, आणि घरामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातली नेहमीसारखी भरून आलेली. आत्याने शेजारणीच्या नजरेवर ठपका ठेवला, मिरच्या-मोहऱ्या उतरल्या. कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका नातेवाइकाने उलगडा केला, की शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते, आणि खांबावरच्या दिव्याने ती रात्र मोडली होती. त्यानंतर आत्या संध्याकाळी शेवंतीच्या कुंड्या घरामागे नेऊन ठेवू लागली. शेजारणीशी बोलणं मात्र सुरू केलं नाही.

अबोली बियांवरही येते. पिकलेलं बोंड ओलं झालं की तडकन फुटतं आणि बी लांब उडतं; पोरांचा तो खेळच. पण ठसठशीत शेंदरी फुलांची जी 'दिल्ली' अबोली म्हणून मागाहून आली, तिला बी येत नाही. ती फांदीवरच करावी लागते. कोकणातून येताना आत्या तिच्या फांद्या केळीच्या पानात गुंडाळून आणायची. तिच्याकडची वळेसराची, म्हणजे गुंफलेल्या गजऱ्याची, हौस पुण्यात आमच्या केसांवर भागायची.

एस.टी.चा उल्लेख राहिला तर भावंडं मला माफ करणार नाहीत. ओल्या गोणपाटात बांधलेल्या फांद्या, वर कापडी चिठ्ठीवर शाईने पत्ता, ड्रायव्हरच्या शेजारी बॉनेटपाशी नको, तिथे भाजतात, असं बजावून कंडक्टरच्या हवाली करायच्या. स्टँडवर कुणीतरी उतरवून घ्यायला उभं. ज्यांच्या वडिलांची बदलीची नोकरी होती त्यांच्याकडे तर सामानाच्या ट्रकमध्ये शेवटी चढायच्या त्या कुंड्या आणि आधी उतरायच्या त्या कुंड्या.

आणि ज्यांना कावळा शिवलाय त्यांनी मोगऱ्याकडे, तुळशीकडे फिरकायचं नाही, झाड जळतं, हेही सांगायला हवं, कारण आम्ही हल्ली आठवणी सांगताना तेवढं सोयीस्करपणे वगळतो. धाकटी काकू विज्ञानाची पदवीधर. ती वाद घालत बसली नाही. वर्षभर त्या चार दिवसांतही भल्या पहाटे उठून मोगऱ्याला गुपचूप पाणी घालत राहिली. चैत्रात झाड असं लगडलं की आजीने शेजारणींना बोलावून दाखवलं. काकू तेव्हाही काही बोलली नाही. आम्हा मुलींना तिने सांगितलं ते आजी गेल्यावर.

नव्वदच्या दशकात नर्सऱ्या आल्या. सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या बाजूला ओळीने, मग गावात कोपऱ्याकोपऱ्यावर. आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरभरून रोपं येऊ लागली. मला त्यांचा राग नाही. एका पिशवीत चार काड्या एकत्र लावून झुडूप भरगच्च दाखवतात, नारळाच्या काथ्याच्या भुशात वाढवलेलं ते रोप घरच्या मातीत आलं की महिनाभर रुसून बसतं, तरी शंभर-दीडशे रुपयांत फुलासकट मोगरा मिळतो, आणि कुणाच्या दारात उभं राहून "यंदा झाड हडकलंय" ऐकावं लागत नाही. हळदीकुंकवाला रोपांचं वाणही देतात हल्ली. फक्त त्या झाडाला कुणाचं नाव लागत नाही. सोसायटीतल्या एका मुलीला मी विचारलं, ही जास्वंद कुठली, तर ती म्हणाली, "ऑनलाइनची."

कसब्यातून परत आलेला तो मोगरा एरंडवण्याहून कोथरूडला आईबरोबर आला, तिच्याकडून आम्हा तिघी बहिणींकडे गेला. धाकटीकडचा सर्वांत चांगला आहे, कारण तिची गॅलरी पश्चिमेला आहे आणि मोगऱ्याला ऊन लागतं. डिसेंबरअखेर ती पाणी तोडते, जानेवारीत छाटते, पानं ओरबाडून काढते, मग खत-पाणी सुरू. फूल येतं ते नव्या फुटीवरच. थोरली म्हणते की खरा मूळचा तिच्याकडचा, आमचे दोघींचे तिच्या फांदीचे. हे खोटं आहे, पण ती थोरली आहे.

थोरलीची मुलगी न्यू जर्सीत असते. पहिल्यांदा जाताना तिने फांदी ओल्या टिश्यूत गुंडाळून बॅगेत टाकली होती, ती विमानतळावरच काढून घेतली. तिकडे कागदपत्रांशिवाय झाडाची काडीही आत नेऊ देत नाहीत. दोन-तीन वर्षांनी शेजारच्या एका गुजराती बाईंनी तिला मोगऱ्याची फांदी दिली. त्यांनी ती कुठल्याशा देवळात ओळख झालेल्या तमिळ आजींकडून घेतली होती. मुलीने ती काचेच्या ग्लासाखाली लावली आणि ती लागली. थंडीत ती कुंडी घरात दक्षिणेच्या खिडकीशी असते. परवा तिचा फोन आला, पानं पिवळी पडून गळतायत, आत्ताच छाटू का, आणि बाहेर कधी काढू. छाटणीचं मी सांगितलं, पाणी कमी कर म्हणून सांगितलं. बाहेर कधी काढायचा ते मला कसं कळणार, तुझ्याकडे मृग कधी लागतो मला ठाऊक नाही, म्हटलं. त्या गुजराती बाईंनाच विचार, आणि विचारायला जाशील तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस.